ठिणगीच्या उजेडात पाण्याची पारख



निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला मोरचूद नवे नाही. बोर्डो मिश्रणासाठी ते त्याच्या घरी असतेच. याच मोरचुदाची चिमूट ज्योतीत टाकली तर ज्योत हिरवी होते. मिठाची टाकली तर पिवळी. प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश निराळा असतो, हे बुन्सेन आणि किरचॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले.

ज्योतीपेक्षा कितीतरी तप्त असा विद्युतभारित वायू म्हणजे प्लाझ्मा. आकाशात लखलखणारी वीज हे त्याचेच रूप होय. प्रयोगशाळेतील मोठ्या यंत्रात आरगॉन वायूचा प्लाझ्मा सहा ते दहा हजार अंशांपर्यंत तापतो. त्यात पाण्याचे तुषार सोडले की शिसे, कॅडमियम, जस्त आपापल्या प्रकाशरेषा उमटवतात. परंतु या यंत्राला मिनिटाला दहा ते वीस लिटर आरगॉन आणि किलोवॅटहून अधिक वीज लागते. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर ते कसे न्यावे?

यावर संशोधकांनी छोट्या प्लाझ्माची वाट शोधली. १९९३ साली हंगेरीतील शास्त्रज्ञांनी आम्लयुक्त पाण्याचा वाहता पृष्ठभाग आणि धातूचे टोक यांमधील अरुंद फटीत, साध्या हवेतच, विद्युतविसर्ग घडवून धातू ओळखले. येथे आरगॉनची गरज नाही आणि वीजही थोडकी पुरते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेतही या पद्धतीवर संशोधन झाले आहे. २०२३ साली चांद्रयान-३ च्या 'प्रज्ञान' बग्गीने लेसरच्या झोताने चंद्राच्या मातीचा प्लाझ्मा करून तेथील गंधक ओळखले, तेही याच तत्त्वावर.

मात्र मर्यादाही जाणली पाहिजे. भारतीय मानकानुसार लिटरभर पिण्याच्या पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. इतका सूक्ष्म अंश छोट्या यंत्राच्या क्षमतेच्या काठावर येतो. म्हणून त्याने संशय दाखवावा, निर्णय प्रयोगशाळेने द्यावा. पाण्यातील रोगजंतू तर त्याला दिसतच नाहीत. त्यांची तपासणी वेगळीच करावी लागते.

शिसे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पण बालकांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. तेव्हा यंत्र गावात येईपर्यंत नमुना नीट घेणे हेच ग्रामपंचायतीचे आणि शिक्षकांचे पहिले काम होय. धातूंच्या तपासणीसाठी मिळालेल्या बाटलीतील आम्लाचे थेंब कोणीही विसळून टाकू नयेत. त्यांच्यामुळेच धातू बाटलीला चिकटून न राहता पाण्यात टिकतात. ते थेंब सांडले, तर विहिरीतील दोष कागदावर उमटणारच नाही आणि गाव निर्धास्तपणे तेच पाणी पीत राहील.