बाळाचं खेळणं आणि बाईचे हात

(अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संपादित करून.)



अंगणवाडीत येऊन बसतात ती तीन वर्षांपुढची मुलं. त्याआधीचं मूल घरीच असतं, आणि त्याला काय खेळायला द्यावं हे आई विचारते तुम्हालाच. दुकानात तर खोक्यावर छापलेलंच असतं, 'बुद्धीचा विकास करणारं खेळणं'. मग ते न घेणारी मजूर बाई काय बाळाची बुद्धी खुंटवते?

नवजात बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच जरा स्पष्ट दिसतं. म्हणजे दूध पिताना दिसणारा चेहरा. तेच पहिलं खेळणं. मग पाळण्यावर चिमणाळं टांगा, गडद आणि फिकट चिंध्यांचं. चौथ्या-पाचव्या महिन्यात हात पुढे येतो, तेव्हा मुठीत मावणाऱ्या दांड्याचा खुळखुळा. आठ-नऊ महिन्यांचं पोर वाटी खाली टाकतं, तुम्ही उचलून दिली की पुन्हा टाकतं. सासू म्हणते, द्वाड आहे. अहो, ते शिकतंय! नजरेआड झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे त्याला नुकतं उमगू लागलंय. फडक्याखाली वाटी लपवून बघा, कसं शोधतं ते. वर्षाच्या सुमाराला डब्यात घालायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. यात विकत आणण्यासारखं काय आहे? बटण दाबलं की गाणं म्हणणाऱ्या खेळण्यात सगळं खेळणंच करतं, बाळ नुसतं बघत राहतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे हाताशी धरले. आपण त्यांच्याच वाटेने चाललो आहोत. पण एक ध्यानात ठेवा, बिया आणि खडे मोठ्या मुलांसाठी. तान्हं मूल सगळं तोंडात घालतं. चिंचोका, मणी, गुंडी, बटणासारखा सेल, यातलं काहीही त्याच्या हाती लागता कामा नये. जुन्या रंगाचे पोपडे निघालेलं खेळणंही नको, रंगात शिसं असू शकतं. विकतचं घेतलंच तर आय.एस.आय. खूण बघा, 1 जानेवारी 2021 पासून ती सक्तीची झाली.

आता वॉकरविषयी. कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली, कारण त्यात बसवलेली मुलं जिन्यावरून गडगडत होती. शिवाय त्यात मूल लोंबकळतं, चालणं शिकत नाही. आपला पांगुळगाडा बरा, मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलतं. पण वॉकर आणणाऱ्या आईला उपदेश करायच्या आधी तिच्या घरात डोकवा. चूल पेटलेली, पाणी भरायचं, आणि रांगतं पोर. तिला दोन हात मोकळे हवेत, म्हणून तिने तो आणला. साधी खेळणी स्वस्त खरी, पण वाटी उचलून द्यायला समोर माणूस बसावं लागतं. त्या बसण्याचा हिशेब कोण धरतं? बाप घरी असला तरी वाटी आईनेच उचलायची!

म्हणून खेळण्यांबरोबर पाळणाघराची मागणी केलीच पाहिजे. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर पाच किंवा अधिक लहान मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई मजुरीवर नेमावी, अशी तरतूद होती. कितीजणींनी ती प्रत्यक्षात पाहिली? 2017 च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. घरकामगार, शेतमजूर, विडी वळणाऱ्या बायका यात कुठे बसतात?

आणि हो, मुलीचा पहिला वाढदिवस म्हटला की भातुकली आणि बाहुली, मुलाला गाडी. वर्षाच्या बाळाला दोन्ही फक्त चाखायचं असतं! फरक मोठ्यांच्या डोक्यात. दोघांनाही दोन्ही द्या. मुलाने बाहुलीला थोपटलं तर हसू नका.

दुपारी आपण चिंध्यांचे चेंडू शिवणार आहोत. टाके बारीक घाला, आत सुतीच चिंध्या भरा, धुता आले पाहिजेत. प्रत्येकीने दोन करा. एक केंद्रावर ठेवा, दुसरा ज्या घरी तान्हं मूल आहे तिथे द्या, आणि तो बापाच्या हातात द्या.