विहिरीची पातळी आणि पाचशे मेसेजची मर्यादा

आजचा भाग जरा तांत्रिक आहे. सेटिंगची नावं येतील, पण घाबरू नका, शेवटी सगळं आमच्या मळ्यातल्या विहिरीपाशी येणार आहे.

मी इंदापूरला आणि माझा मावसभाऊ बारामतीला, असे आम्ही दोघं मिळून दोन बीबीएस चालवतो. बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम. घरातला एक छोटा कॉम्प्युटर चालू ठेवायचा, बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचं, मेसेज वाचायचे, लिहायचे, फायली घ्यायच्या. पहिला बीबीएस फेब्रुवारी १९७८ मध्ये शिकागोत सुरू झाला. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस हे दोघं बर्फाच्या वादळात घरी अडकले होते, तेव्हा त्यांनी तो बांधायला घेतला. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने फिडोनेट काढलं आणि वेगवेगळ्या गावांतले बीबीएस रात्री एकमेकांना फोन लावून टपाल बदलू लागले. रात्रीच का? कारण रात्री कॉल स्वस्त. आपल्याकडे रात्री एसटीडीचा दर उतरायचा आणि बूथबाहेर रांग लागायची. आई-बाबांना विचारा, आठवेल त्यांना.

आपल्याकडेही हे होतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच्या आधीच बंगळुरूत अतुल चिटणीस यांचा सीआयएक्स आणि मुंबईत सुचित नंदा यांचा लाइव्ह वायर असे बीबीएस चालू होते.

आता तुम्ही म्हणाल, आज हे कशाला? खरं सांगतो, सुरुवात हौसेनं झाली. एक जुना रास्पबेरी पाय पडून होता, सिंक्रोनेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, दोन रविवार गेले आणि चालू झालं. मग त्यावर लिहायचं काय, हा प्रश्न आला. तेव्हा आमचे आबा, म्हणजे आजोबा, दर सोमवारी विहिरीत डोकावून यायचे आणि सांगायचे, "चार परस हाय पानी." एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढं. त्यांनी ते कधी लिहून ठेवलं नव्हतं, सगळं डोक्यात. म्हटलं, चला, हेच टाकू. दर सोमवारी एक मेसेज: तारीख, किती परस, कालव्याला आवर्तन चालू आहे की बंद. संध्याकाळी आबा विचारायचे, "काय रं, लिवलं का?" असे दोन उन्हाळे लिहिलं.

आता जोडणीकडे येऊ. नेटवर्कमधला मेसेज बोर्ड समजायला आपल्या भागात एक सोपं उदाहरण आहे, नीरा डावा कालवा. तो बारामतीवरून इंदापूरकडे येतो. वरून पाणी सुटतं, फाट्याला येतं, तिथून चाऱ्यांना जातं, आणि आम्ही टेलला. फिडोनेट पद्धतीचं नेटवर्क असंच असतं. वर झोन, मग नेट, मग नोड. प्रत्येक बीबीएसला या तीन आकड्यांचा पत्ता. आमच्यात दादाचा बारामतीचा नोड हा हब आणि माझा टेलचा. फरक एवढाच की इथे टेलवालाच वर जाऊन विचारतो, काही आलंय का? कारण माझं नेट मोबाइलच्या सिमवर आहे, बाहेरून त्याला कुणी जोडू शकत नाही. म्हणून माझा कॉम्प्युटर दर तासाला दादाच्या कॉम्प्युटरला जोडतो, आपलं टपाल देतो, तिकडचं घेतो. त्याला पोल करणं म्हणतात.

बोर्ड जोडताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, टॅग. हे त्या बोर्डचं नेटवर्कमधलं नाव, दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं. दुसरी, तो टॅग तुमच्याकडच्या कुठल्या बोर्डला जोडलाय. तुमच्याकडे बोर्डचं नाव काहीही ठेवा, पण टॅगसमोर त्याचा कोड बरोबर लिहा. तिसरी, तो टॅग कुणाकुणाला पाठवायचा, त्या नोडचे पत्ते. हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत असतं. आणि आपण मराठीत लिहिणार असाल तर चौथी: दोन्हीकडे यूटीएफ-८ चालू करा. ही सिस्टिम इंग्रजी अक्षरांच्या काळातली आहे. आबांचे पहिले तीन सोमवार बारामतीला नुसत्या रेघा आणि चौकोन होऊन पोचले होते.

आता माझी चूक. आबा गेल्या ज्येष्ठात गेले. पुढे महिनाभर मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. मग मन रमवायला म्हणून एफएसएक्सनेट नावाच्या मोठ्या नेटवर्कला जोडून घेतलं. त्याचा मुख्य हब न्यूझीलंडला आहे, जगभरचे हौशी लोक त्यावर गप्पा मारतात. त्यांच्या गप्पांच्या टॅगची ओळ लिहिताना मी वरची ओळ कॉपी केली, टॅग बदलला आणि बोर्डचा कोड बदलायचा राहिला. तो विहिरीच्या बोर्डचाच राहिला. वर जुने मेसेजही मागवले. रात्रीत शेकडो मेसेज विहिरीच्या बोर्डवर येऊन पडले.

ते नुसते पडले असते तर ठीक होतं. पण त्या बोर्डला जास्तीत जास्त ५०० मेसेजची मर्यादा होती. सुरुवातीला जे होतं ते मी तसंच ठेवलं होतं, पाहिलंच नव्हतं. रात्रीची सफाई चालली, आणि ५०० च्या वरचे, म्हणजे सगळ्यात जुने, उडाले. जुने कोणते? आबांचे. आणि भरीला, त्या दोन दिवसांत मी विहिरीबद्दल काही लिहिलं असतं तर ते थेट न्यूझीलंडला गेलं असतं.

हे मला कळलं कसं? श्रावणात चुलत्यांनी फोन केला. आडसाली उसाची लागण अजून राहिली होती. म्हणाले, "अरे, चैत-वैशाखात पाणी किती खाली जातंय ते बघ जरा तुझ्या त्या मशीनमधी. दोन एकर लावू का एक?" आडसाली ऊस शेतात दीड वर्षाच्या आसपास उभा असतो, म्हणजे पुढचा अख्खा उन्हाळा त्याला जगवायचा. पूर्वी हे आबांना विचारलं जायचं. मी बोर्ड उघडला तर तिथे इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा. बॅकअप? नव्हता. खरं सांगतो, पोटात गोळा आला.

दादाला फोन लावला. तो शांत. म्हणाला, "माझ्याकडं बघतो थांब." त्याने त्या बोर्डला मर्यादाच ठेवली नव्हती, आणि बाहेरच्या नेटवर्कला तो जोडलेला नव्हता. पहिल्या सोमवारपासून सगळं जागेवर.

मग परत आणायचं कसं? हबवर एरियाफिक्स नावाचा एक बॉट असतो. त्याच्या नावाने मेसेज लिहायचा, विषयात पासवर्ड, आत टॅग आणि रिस्कॅनची सूचना. तो जुने मेसेज पुन्हा पाठवतो. आधी मी चुकीची ओळ दुरुस्त केली, मर्यादा काढली, मग रिस्कॅन मागितलं. आलं काय? काहीच नाही. कारण माझ्या सॉफ्टवेअरला प्रत्येक मेसेजची खूण लक्षात होती. तेच मेसेज परत आले की त्याला वाटायचं हे डुप्लिकेट आहेत, आणि ते फेकून द्यायचं. एरवी ही चांगली सोय आहे, नाहीतर एक मेसेज दोन रस्त्यांनी येऊन फिरतच राहील. त्या एका बोर्डपुरती ती तपासणी बंद केली, पुन्हा मागितलं, आणि आबांचे सगळे सोमवार ओळीने आले. तपासणी परत चालू केली. हे विसरू नका.

आकडे पाहिले. पहिल्या वर्षी वैशाखात दीड परस उरलं होतं, दुसऱ्या वर्षी एकसुद्धा नाही. चुलत्यांनी एकच एकर लावला.

त्यानंतर आम्ही फाइल एरिया नीट लावला. नेटवर्कच्या फाइल एरियात फाइलबरोबर एक छोटी चिठ्ठी जाते, टिक फाइल. तिच्यात फाइलचं नाव, एरियाचा टॅग, कुठून आली, पासवर्ड, आणि फाइल वाटेत बिघडली नाही ना हे तपासायचा आकडा. इथेही टॅग दोन्हीकडे सारखा हवा, आणि तो कुठल्या फोल्डरला जातो ते डोळ्यांनी तपासायचं. लोकांनी अपलोड केलेल्या फायलींचं फोल्डर वेगळं ठेवा, नाहीतर कुणी घरचा सातबारा टाकला तर तोही पुढच्या नोडला जाईल. आता दर महिन्याच्या शेवटी विहिरीच्या बोर्डची एक टेक्स्ट फाइल बनते, झिप होते आणि बारामतीला जाते. तिथून एक प्रत पेन ड्राइव्हवर, कपाटात.

तर ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: नवीन बोर्ड जोडला की आधी एकच चाचणीचा मेसेज टाका आणि पलीकडच्याला फोन करून विचारा, कुठे पडला? घरचा बोर्ड आणि बाहेरचा बोर्ड वेगवेगळ्या गटात ठेवा. आणि किती मेसेज ठेवायचे, किती दिवस ठेवायचे, हे दोन रकाने पहिल्याच दिवशी स्वतः भरा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर हे कुणी आपल्याला विचारत नाही. फोन बदलला, बॅकअप राहिला, की गेलं. इथे विचारतात, पण मी उत्तरच दिलं नव्हतं.

सोमवारी विहिरीत आता मी डोकावतो. टेपने मोजतो, पण लिहितो परसातच. भेटू पुढच्या भागात.