'फक्त ६ महिने वापरलेली' डिस्क आणि ३८ हजार तास

आजचा भाग छोटा आहे, पण कामाचा आहे. ऑनलाइन लिलावात मी एक जुनी हार्ड डिस्क घेतली आणि फसलो. पैसे परत कसे मिळवले, ते आज सांगतो.

झालं असं, की आई-बाबांच्या लग्नाची कॅसेट आणि घरातले जुने फोटो डिजिटल करून घेतले होते. ते ठेवायला ४ टीबीची डिस्क हवी होती. एका साइटवर बोली चालू होती. वर्णन होतं, 'फक्त ६ महिने वापरलेली, काही प्रॉब्लेम नाही.' शेवटच्या मिनिटाला ३,१०० रुपयांची बोली लावली आणि जिंकलो. जाम खुश!

डिस्क आली, लॅपटॉपला लावली, व्यवस्थित दिसली. पण फाइल्स टाकायच्या आधी मी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, ती यात दिसते. त्यात एकूण चालू तास होते ३८ हजार. भागिले २४ करा. १,५८३ दिवस! म्हणजे सव्वाचार वर्षांहून जास्त काळ ती न थांबता चाललेली. वर ११२ सेक्टर खराब होऊन बदललेले. धडधाकट डिस्कमध्ये हा आकडा शून्य असतो. लग्नाची कॅसेट हिच्यावर ठेवायची? शक्यच नाही.

विक्रेत्याला मेसेज केला. उत्तर आलं, 'भाऊ, चालतेय ना? जुनी वस्तू आहे, एवढं असणारच.' मी साइटवर तक्रार टाकल्यावर सूर बदलला. 'तक्रार बंद कर, ८०० रुपये यूपीआय करतो.'

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, घ्यावेत आणि विषय संपवावा. पण इथेच थांबा. तक्रार एकदा बंद केली की साइट बहुतेक वेळा हात वर करते, आणि ते ८०० येतील याची खात्री कोण देणार? त्यामुळे सगळं बोलणं साइटच्या चॅटमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ नका.

तक्रारीत मी 'फसवलं', 'चोर' असलं काही लिहिलं नाही. चारच गोष्टी दिल्या: वर्णनाचा स्क्रीनशॉट, तासांचा स्क्रीनशॉट, दोन्हीत जुळणारा सीरियल नंबर दाखवणारा डिस्कचा फोटो आणि एक ओळ: '६ महिने म्हणजे रात्रंदिवस चालवली तरी साधारण ४,४०० तास.' यावर वाद कसा घालणार? नवव्या दिवशी डिस्क परत गेली आणि पूर्ण पैसे आले.

साइटने ऐकलं नसतं तर? माल विकताना केलेलं वर्णन आणि माल जुळायलाच हवा, हे १९३०च्या माल विक्री कायद्यात आहे. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. पुढे ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. विकणारा व्यावसायिक असेल तर ग्राहक आयोगातही जाता येतं, त्यासाठी २ वर्षांची मुदत असते. घरातली एखादी वस्तू काढून टाकणाऱ्या माणसाविरुद्ध मात्र तो मार्ग अवघड, म्हणून साइटची मुदत चुकवू नका.

आता माझी चूक. लिस्टिंगच्या फोटोत डिस्कचं लेबल होतं. झूम केल्यावर बनवल्याचं वर्ष स्पष्ट दिसत होतं, २०१७. मी बोलीच्या नादात बघितलंच नाही. म्हणजे विक्रेत्याचं खोटं माफ होत नाही, पण माझे नऊ दिवस वाचले असते.

आणि हो, वर्णनात 'जशी आहे तशी, तपासलेली नाही' असं लिहिलेलं असेल, तर नंतर भांडायला फारसं काही उरत नाही. तिथे बोली लावताना पैसे गेले असंच धरून चला.

तुमच्याकडे आत्ता एखादी जुनी वस्तू येणार असेल, तर एक काम लगेच करा: लिस्टिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंतर ते पान गायब होऊ शकतं. चला, भेटू पुढच्या भागात!