मातीची साक्ष



निसर्गचित्र म्हटले की डोंगरामागून उगवणारा सूर्य, वाहती नदी आणि काठावरची झोपडी, हा देखावा शालेय वयापासून मनावर ठसलेला असतो. त्याने डोळ्यांना सुख द्यावे, एवढीच अपेक्षा असते. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडील किंबर्ली प्रदेशातील आदिवासी चित्रकारांनी मात्र निसर्गचित्रावर वेगळेच दायित्व सोपवले. त्यांच्या चित्रांत भूमी साक्ष देते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या पशुपालकांनी गुरांचे कळप घेऊन या प्रदेशात प्रवेश केला. गिजा आणि इतर समाजांची पिढीजात भूमी, त्यांचे पाणवठे, त्यांची शिकारीची राने हातची गेली. बेडफर्ड डाउन्स येथे एक बैल मारल्याबद्दल पकडलेल्या पुरुषांकडून लाकडे तोडवून घेतली गेली, त्यांना विष कालवलेले अन्न देण्यात आले आणि त्याच लाकडांवर त्यांचे देह जाळले गेले, असे गिजा वडीलधारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. कागदावर जे उतरले नाही, ते गीतांत आणि नृत्यांत टिकले.

१९७४ च्या नाताळात ‘ट्रेसी’ चक्रीवादळाने डार्विन शहर उद्ध्वस्त केले. त्यानंतर वॉर्मन वस्तीतील रोव्हर थॉमस या गुराख्याला स्वप्नात एका दिवंगत नातलग स्त्रीने ‘गुरिर गुरिर’ हा गीतनृत्यविधी दिला. तिच्या आत्म्याने प्रवासात पाहिलेली स्थळे फळ्यांवर रंगवली जात आणि नर्तक त्या खांद्यावर घेऊन नाचत. आरंभी त्या पॅडी जमिंजी यांनी रंगवल्या. पुढे थॉमस यांनी स्वतः कुंचला हाती घेतला. गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि कोळसा हेच त्यांचे रंग. ज्या भूमीवर माणसे मारली गेली, तिच्याच मातीने तिचे चित्र रेखाटले गेले. त्यात बंदूक वा रक्त सहसा दिसत नाही; विस्तीर्ण सपाट रंगक्षेत्रे आणि त्यांच्या कडेने शुभ्र ठिपके एवढेच दिसते. स्थळाचे नाव कळताच मात्र पाहणारा स्तब्ध होतो. १९९० साली व्हेनिस बिएनालेमध्ये ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधित्व ट्रेव्हर निकल्स आणि थॉमस या दोघा आदिवासी चित्रकारांनी केले.

घोड्याच्या लाथेने जखमी झालेल्या याच थॉमस यांचे डोके एकेकाळी क्वीनी मॅकेन्झी यांनी सुईदोऱ्याने शिवले होते. त्याही पुढे चित्रकार झाल्या. १९१५ साली मिस्टेक क्रीक येथे गिजा स्त्रीपुरुषांची हत्या झाली होती. त्या हत्याकांडाचे चित्र त्यांनी १९९७ मध्ये रंगवले. घटनेच्या तपशिलांविषयी इतिहासकारांत तीव्र मतभेद झाले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ते चित्र २००५ मध्ये विकत घेतले, परंतु प्रेक्षकांसमोर ते २०२० मध्ये आले. तोवर क्वीनी हयात नव्हत्या.

मौखिक स्मृतीत तपशील कधी बदलतात, हे खरे. पण दप्तरातील नोंदीही बहुधा ज्यांच्या हाती सत्ता होती, त्यांच्याच लेखणीने लिहिल्या गेल्या, हेही तितकेच खरे. म्हणून मुलांना नकाशा वाचायला शिकवताना एक प्रश्नही शिकवावा : ही जागा अशी ओसाड का आहे, आणि येथे पूर्वी कोण राहत होते? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य ज्या मुलाला आले, त्याने इतिहासाचा पहिला धडा खऱ्या अर्थाने गिरवला.