ऑलिव्हचं पान, आपली जाई आणि दाजींची बाटली

(गणेशोत्सवात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. पीण्यात वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. आपण बहुतेक जण मशीनशॉपमधले, त्यामुळे इथे पानामुळांचाही धंदा चालतो हे नव्या मंडळींना नवल वाटेल. पण जुन्यांना दुसऱ्या फेजमधली सामी लॅब्ज ठाऊक आहे. हळदीत कर्क्युमिन शेकडा तीन-चार भाग असतं, ते अर्कात 95 टक्क्यांपर्यंत नेऊन जगभर पाठवणारी ही कंपनी आपल्याच शेजारची.

आजचा विषय मात्र ऑलिव्हच्या पानांचा. मराठी बायबलात ज्याला जैतून म्हटलंय, तेच हे झाड. आपल्याकडे त्याची लागवड राजस्थानात 2008 च्या सुमारास इस्रायलहून रोपं आणून झाली. झाड परकं खरं, पण कुळाने ते आपल्या ओळखीचं आहे. परवा गणपतीला ज्या 21 पत्री वाहिल्या, त्यांत जाईचं पान होतं. जाई, जुई, मोगरा, पारिजातक ही सगळी ऑलिव्हच्याच ओलिएसी कुळातली. तोंड आलं की आजी जाईचा पाला चावायला द्यायची, आणि जखमेवरच्या जात्यादि तेलात हीच जाई असते. ऑलिव्हच्या पानातलं मुख्य द्रव्य म्हणजे ओल्युरोपीन. 1908 साली फ्रान्समध्ये ते वेगळं काढून त्याला नाव दिलं गेलं. पुढे ते जाईतही सापडलं.

हे द्रव्य भयंकर कडू असतं. झाड ते आपल्यासाठी तयार करत नाही, किड्यांसाठी करतं. याच कुळातल्या प्रिव्हेट नावाच्या कुंपणाच्या झुडपात हे छान दिसून आलंय. अळीने पान चावलं की पानातलाच एक एन्झाइम ओल्युरोपीनला फोडतो, आणि जे तयार होतं ते पानातल्या प्रथिनांना असं जखडतं की अळीला खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून पाला चुरगळलेला, ओला राहिला तर माल बिघडतो. पाला नीट वाळवायचा, दळायचा, पाणी आणि अल्कोहोलमध्ये अर्क उतरवायचा, व्हॅक्यूमखाली आटवायचा आणि भुकटी करायची, असं हे काम.

आता अँटिऑक्सिडंट या शब्दाकडे येतो. लोखंडावर जस्त चढवतो तेव्हा जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. मशीनच्या तेलातही ते लवकर खराब होऊ नये म्हणून अशीच द्रव्यं घालतात. ओल्युरोपीन आणि त्यातून निघणारं हायड्रॉक्सिटायरोसॉल परीक्षानळीत हेच करतात, आणि फार उत्तम करतात. आमच्याकडे एक जांभळं द्रावण असायचं. त्यात अर्क टाकला की ते पिवळं पडायचं. गिऱ्हाईक आलं की आम्ही हे आवर्जून दाखवायचो, आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं.

पण शरीर ही परीक्षानळी नव्हे. गिळलेलं द्रव्य आतड्यात आणि यकृतात बदलतं, मूळ रूपात रक्तात फार थोडं पोचतं आणि बरंचसं लघवीवाटे जातं. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचे आकडे प्रसिद्ध केले होते, ते 2012 साली त्यांनीच मागे घेतले, कारण आकडा मोठा म्हणजे गुण मोठा असं लोक धरून चालले होते. त्याआधी फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती. बीटा-कॅरोटीन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट. 1994 साली निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला.

मग ऑलिव्हचं पान निरुपयोगी का? मुळीच नाही, आणि घोटाळा इथेच होतो. 2011 साली इंडोनेशियातल्या एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. सौम्य रक्तदाबाच्या रुग्णांपैकी काहींना अर्क 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तर काहींना कॅप्टोप्रिल ही रक्तदाबाची जुनी गोळी, असं आठ आठवडे दिलं. वरचा रक्तदाब अर्काने सरासरी 11.5 ने उतरला, गोळीने 13.7 ने. एकच चाचणी आहे, तरी परिणाम किरकोळ नाही. मात्र हे दोन वेगळे गट होते. एकाच माणसाला दोन्ही दिलं नव्हतं.

आमच्या दाजींनी नेमकं तेच केलं. थोरल्या बहिणीचे यजमान, मिरजेला असतात. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षं चालू. परदेशातल्या मुलाने कॅप्सूलची बाटली धाडली. त्यांनी मला फोन करून विचारलं, "घेऊ का रे? तुझ्याच धंद्यातलं आहे." मी म्हणालो, "घ्या की दाजी, पानच आहे." सगळं आयुष्य अर्क काढण्यात गेलेला मी माणूस! पान वेगळं आणि पानाचा अर्क वेगळा, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तीनेक आठवड्यांनी पहाटे उठताना दाजींना चक्कर आली, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडले, मनगट मोडलं. रक्तदाब फार खाली गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही औषध घेता का? दाजी नाही म्हणाले. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. कॅप्सूलमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, उन्हाळा होता आणि वयही झालंय. पण बहिणीने ती बाटली माझ्यासमोर ठेवली तेव्हा मला तिच्याकडे बघवलं नाही.

त्या बाटलीवर लिहिलं होतं: अर्क 500 मिलिग्रॅम, ओल्युरोपीन 20 टक्के. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 100 मिलिग्रॅम. आपल्या घरातल्या बाटल्यांवरही हे दोन आकडे शोधा. टक्केवारी नसेल तर आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर बाटली डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा, नुसतं तोंडी सांगू नका. आणि कॅप्सूल आली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हेही तितकंच.

वेळ संपल्याची खूण चिटणीस करताहेत. आरतीनंतर मी प्रसादाच्या टेबलापाशी थांबतो. कोणी बाटली आणली असेल तर दाखवा, चष्मा आणलाय.