परदेशी विद्यार्थी आणि गावची पेढी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पुण्यातील आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन शिक्षणाची कथा एका खिडकीपासून सुरू होते. डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एके दिवशी एक मुलगी मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीतून आत काही देत असल्याचे त्यांना दिसले. शिस्तभंगाचा प्रकार समजून ते चौकशीस गेले. आत मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळलेला होता आणि ती मुलगी त्याला जेवण पोहोचवीत होती. परक्या शहरात त्याचे विचारपूस करणारे दुसरे कोणी नव्हते.

या प्रसंगातून १९७१ साली ‘सिंबायोसिस’ उभी राहिली. आरंभी ते परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे सांस्कृतिक व शैक्षणिक केंद्र होते. नाव वनस्पतिशास्त्रातून आले; अर्थ सहजीवन. आपल्या किराणा पेढ्यांवर मसाल्यासाठी विकले जाणारे दगडफूल हे त्याचेच उदाहरण आहे. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने जगतात, तेव्हा ते तयार होते. एकटे शेवाळ उघड्या खडकावर तग धरणे अवघडच!

पुढे १९७७ मध्ये विधी महाविद्यालय, १९७८ मध्ये व्यवस्थापन संस्था आणि १९९२ मध्ये परराष्ट्र व्यापाराचे शिक्षण देणारी संस्था निघाली. हीच संस्था आज ‘सिंबायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल बिझनेस’ या नावाने परिचित आहे. २००२ साली सिंबायोसिसला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी आजाऱ्याची विचारपूस झाली, पदव्या नंतर आल्या. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापण्याच्या काळात हा क्रम विसरला जातो.

मात्र विद्यार्थ्याला आश्रय देणे हे विद्यापीठाच्या कामाचे अर्धेच अंग. दुसरे अंग संशोधनाचे. आफ्रिकेतून किंवा आखाती देशांतून आलेला तरुण पुण्यात दोन वर्षे व्यवस्थापन शिकतो आणि परत जातो, तेव्हा पुण्याच्या व्यापाराविषयी तो काय घेऊन जातो? वर्गात तो अमेरिकी कंपन्यांची उदाहरणे सोडवतो. ती त्याला त्याच्या देशातही मिळाली असती. भवानी पेठेतील आडत दुकान उधारी कशी सांभाळते, तीन भावांची पेढी वाटण्या होऊनही एकाच नावाने कशी चालते, याचा पाठ त्याला कोठे मिळणार? आपल्या घरातली मुलेही त्याच वर्गात बसतात. तेथे शिकविले जाते ते ‘व्यवस्थापन’ आणि आजोबांनी केला तो नुसता ‘धंदा’, अशी त्यांची समजूत होते.

प्रत्यक्ष उदाहरणावरून शिकविण्याची पद्धत हार्वर्डची. ती विद्यापीठीय व्यवसायशाळा १९०८ मध्ये सुरू झाली. १९६१ साली अहमदाबादची व्यवस्थापन संस्था हार्वर्डच्या सहकार्याने स्थापन झाली. त्यामागे विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई होते, हे आपल्या समाजाला ठाऊक आहेच. तेथील प्राध्यापकांनी पद्धत परदेशातून घेतली, परंतु उदाहरणे भारतीय उद्योगांत जाऊन लिहिली. उसनवारी कोठे थांबवावी, हे त्यांना नेमके कळले होते.

पुण्याला तर हे काम नवे नाही. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले. भारताच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. केंब्रिजचा हा विद्वान मग कशाकडे वळला? पुण्याच्या फळबाजाराकडे! पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर साऱ्या शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण झाले आणि ते १९४५ व १९५२ अशा दोन भागांत निघाले. आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावरील त्यांचे लेखन १९५९ साली न्यूयॉर्कहून प्रकाशित झाले. पेठेतील पाहणी आणि न्यूयॉर्कचे प्रकाशन यांत त्यांना अंतर वाटले नाही. १९७१ साली गाडगीळ निवर्तले. त्याच वर्षी सिंबायोसिसचा जन्म झाला आणि पुणे विद्यापीठातही व्यवस्थापनशास्त्र विभाग सुरू झाला. व्यवस्थापनाच्या या नव्या शाळा गाडगीळांच्या बाजारातील पाहणीशी म्हणाव्या तशा जोडल्या गेल्या नाहीत, ही खंत आहे.

याचा दोष केवळ प्राध्यापकांना देऊन भागणार नाही. विद्यार्थी वही घेऊन दुकानाच्या पायरीवर आला की मालकाच्या मनात पहिली शंका येते ती प्राप्तिकराची, दुसरी शेजारच्या दुकानदाराची. ही शंका अनाठायी म्हणता येत नाही. परंतु अशा अभ्यासाची रीत समजून घेतली, तर ती बरीचशी दूर होते. पेढीचे नाव बदलता येते. आकडे ठरावीक प्रमाणात फिरवून मांडता येतात, म्हणजे गणित तेच राहते आणि खरी रक्कम झाकली जाते. लिहून झालेला मजकूर मालकाला वाचावयास देऊन त्याची लेखी संमती घेतल्यावरच तो वर्गात वापरावा, हा या पद्धतीतील रूढ संकेत आहे. संमती नाकारण्याचा हक्क मालकाचाच. हे सारे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच नसावा.

विद्यार्थी परदेशी असेल तर एक मर्यादा राहते. मराठी, गुजराती वा मारवाडी त्याला येत नाही आणि जुन्या वह्यांचे मोडी किंवा महाजनी अक्षर तर आता आपल्या घरातील तरुणांनाही लागत नाही. तेथे घरातील वडीलधाऱ्यांनी बसून वाचून दाखविणे, आपल्याच नातवाने ते इंग्रजीत सांगणे आणि परदेशी पाहुण्याने प्रश्न विचारणे, अशी तिघांची बैठक जमली पाहिजे. पाहुण्याचा प्रश्न पुष्कळदा इतका साधा असतो, की घरच्यांना तो कधी सुचलेलाच नसतो: चिठ्ठी नसताना तुम्ही एवढी उधारी कशाच्या भरवशावर दिलीत?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या जुन्या चोपड्या दरवर्षी रद्दीत जातात. यंदा त्या वजनकाट्यावर चढण्यापूर्वी एखाद्या व्यवस्थापन संस्थेच्या प्राध्यापकास घरी बोलावून दाखवाव्यात. उन्हाळ्यातील प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्यांना साधारण दोन महिने मिळतात. एका पेढीच्या एका पिढीचा हिशेब समजून घेण्यास तेवढे पुरतील.