घरातील बिनतारी जाळे व त्याची राखण

(अमळनेर येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



दाराला कुलूप न लावता परगावी जाणारा मनुष्य विरळा. घरातील वायफाय मात्र आपण पुष्कळदा उघडेच ठेवतो. त्याच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. ओट्यावर, गल्लीत, शेजारच्या माडीवरही त्या पोहोचतात.

यातून कोणता अनर्थ ओढवतो, ते पाहा. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट होण्यापूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांकडे धमकीचा ई-मेल गेला. तपासात तो नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील जोडणीवरून गेल्याचे आढळले. तेथील रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता. त्याचे उघडे वायफाय परक्याने वापरले होते. तरीही चौकशीस त्यालाच तोंड द्यावे लागले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने याविषयी सूचना काढल्या. तात्पर्य, जोडणी कोणाची हे दिसते. तीमागचा हात दिसत नाही.

उपाय अवघड नाहीत. राउटरला परवलीचे शब्द दोन असतात. एकाने जाळ्यात प्रवेश मिळतो, दुसऱ्याने यंत्राची मांडणी बदलता येते. हा दुसरा बहुधा कारखान्यातून आला तसाच राहतो. तो ज्याच्या हाती लागेल, तो आपणांस बनावट संकेतस्थळाकडेही वळवू शकेल. सबब दोन्ही बदलावेत. संरक्षणाचा प्रकार डब्ल्यूपीए-२ अथवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. जुना डब्ल्यूईपी २००१ पासूनच कुचकामी ठरला आहे. शब्द लांब असावा. स्वतःचे नाव, गाव वा मोबाईल क्रमांक नको. भरीत, पाटी, चाक, पाऊस असे चार असंबद्ध शब्द रोमन लिपीत जोडावेत. (हा केवळ नमुना; हाच घेऊ नये.) कळ दाबून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी आणि राउटरची नवी सुधारणा येताच ती करून घ्यावी.

कोणी म्हणेल, "शेजारचा विद्यार्थी अभ्यासासाठी वायफाय मागतो, त्यास नाही कसे म्हणावे?" नाही म्हणूच नये. पुष्कळ राउटरांत पाहुण्यांसाठी निराळे जाळे करता येते. त्याचा परवलीचा शब्द निराळा ठेवून ओळखीच्यांनाच द्यावा, व अधूनमधून बदलावा. पाहुण्यास ओसरीवर बसवावे; तिजोरीची किल्ली देऊ नये.

शाळेतील परवलीचा शब्दही फळ्यावर वा भिंतीवर लिहू नये. आपण जे पाळू, तेच मुले शिकतील. आज घरी गेल्यावर प्रथम राउटरचा तो दुसरा शब्द बदलावा, एवढीच विनंती.